मागे राहिलेल्याने गाणे कसे लिहावे

नागपूरहून पुण्याला गेलेले माणूस परतणार नाही, हे बहुतेक वेळा फलाटावरच कळलेले असते. आपण मात्र संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडतो आणि त्याच शहरात, त्याच टपऱ्यांसमोरून रोज जात राहतो. संतकाव्यातल्या विराणीत, म्हणजे विरहगीतातही, बोलते ती मागे राहिलेलीच. तेव्हा आपली ही जागा गाण्यासाठी वाईट नाही.

सुरुवातीला वहीत सगळा राग गद्यात लिहून काढावा. कुणी काय वचन दिले, कुणासाठी आपण कोणती नोकरी सोडली, फोन कधीपासून येईनासा झाला, हे सारे न लाजता लिहावे, मात्र त्यातले काहीही गाऊ नये. माझे पहिले गाणे म्हणजे चाल लावलेली तक्रारच होती आणि ते ऐकणारा मित्र दुसऱ्या कडव्यालाच चहा सांगायला उठला. दोन दिवसांनी ती पाने पुन्हा वाचून, ज्यात डोळ्यांना दिसेल अशी वस्तू आहे, तेवढीच वाक्ये अधोरेखित करावीत.

त्यांतून ध्रुवपदाची, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परतणारी, ओळ काढावी. उदाहरणार्थ, ‘गाडी नाही, फलाट गेला’. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाची दोन असे मोजले, तर येथे आठ अधिक आठ अशा 16 मात्रा भरतात, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तने. शेवटचा ‘ला’ उघडा आकारान्त असल्यामुळे तो लांबवता येतो. ‘फलाट’वरच ओळ संपवली असती, तर गळा तिथेच मिटला असता. आता अंतरा, म्हणजे कडवे:

तर्री निवली, पोहे उरले
चमचा दुसरा तसाच नेला

‘तर्री’तला ‘त’ जोडाक्षराआधी येऊन त्यावर आघात पडतो, म्हणून तो दोन मात्रांचा धरावा. ‘नेला’ आणि ‘गेला’ यांचे यमक जुळल्याने ध्रुवपदाकडे परतणे सोपे होते. पोहेवाल्याने सवयीने दोन चमचे ठेवले आणि एक न वापरता उचलून नेला, एवढेच सांगितले आहे. ‘एकटा’ हा शब्द घातला असता, तर ओळ उगाच रडकी झाली असती. प्रत्येक अंतऱ्यानंतर तेच ध्रुवपद थोडे वेगळे ऐकू आले पाहिजे. तसे होत नसेल, तर तो अंतरा काढून टाकावा.

चालीबाबत माझे मत जरा हट्टी आहे: दुःख म्हटले की लगेच भैरवीकडे धावू नये. मध्यलयीतला केरवा चालता ठेवावा आणि ध्रुवपद मध्य सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखे राहू द्यावे. उरलेला संताप शेवटच्या अंतऱ्यातल्या एकाच ओळीत साठवून ती तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’पर्यंत न्यावी. अशा दोन ओळी झाल्या की आरडाओरडा वाटतो.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना कूलर बंद करावा, नाहीतर त्याची घरघर तानपुऱ्यावर मात करते. मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावे.

गाणे गेलेल्या माणसाला निदान महिनाभर पाठवू नये, कारण उत्तराची वाट पाहत लिहिलेली ओळ पुन्हा तक्रारीकडे वळते. त्याऐवजी ज्याला आपली हकीकत ठाऊक नाही, अशा एखाद्याला ते ऐकवावे. ‘कोण गेले?’ याआधी त्याने ‘तो दुसरा चमचा कुणाचा?’ असे विचारले, तर गाणे जमले आहे.