नेम आणि थकबाकी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपास-प्रार्थनेचा काळ, जवळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन-चार तरुण मुले दर वर्षी माझ्याकडे येतात आणि रोजच्या ख्रिस्ती जीवनासाठी काही नेम ठरवायचा असल्यास सुरुवात कुठून करावी, असे विचारतात. वचन वाचावे, प्रार्थना करावी, रविवार पाळावा, दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग द्यावा, हे त्यांना संडे स्कूलपासून ठाऊक असते, त्यामुळे ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मी धुळ्यात एका पतसंस्थेत वसुलीचे काम करतो. नेम पाळण्यात माझा अधिकार काहीच नाही, पण ज्या खड्ड्यात मी जवळजवळ दोन वर्षे पडून होतो, त्याची जागा मला नेमकी माहीत आहे.

माझा पहिला नेम माझा नव्हताच. एका संमेलनात बाहेरून आलेल्या वक्त्यांनी आपला दिनक्रम सांगितला आणि मी तो जसाच्या तसा उतरवून घेतला: पहाटे पाचला बायबलमधली तीन स्तोत्रे, त्यातल्याच जुन्या आणि नव्या करारातला एकेक अध्याय, दुपारी बाराला प्रार्थना, रात्री कौटुंबिक उपासना आणि शुक्रवारी उपास. त्या गृहस्थांना सकाळी साडेसहाची दोंडाईचा एसटी धरायची नसते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. तरीही नेम मोठा होता म्हणून मी बुडालो, असे मला वाटत नाही. मी बुडालो तो वहीमुळे.

वही ठेवणे ही माझ्या पेशाची खोड आहे. मी तीन रकाने आखले होते: आजचे, मागील बाकी आणि एकूण. सोमवारी तीन स्तोत्रे राहिली की मंगळवारी सहा, मंगळवारीही शिरपूरच्या दौऱ्यात वेळ गेला की बुधवारी नऊ. व्याज लावले नाही एवढेच. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो, म्हणजे आम्हा वसुलीवाल्यांचा मार्चअखेर बहुतेक वर्षी लेंटमध्येच सापडतो. ज्या दिवसांत मंडळी अधिक प्रार्थना करते, त्याच दिवसांत मी थकबाकीदारांच्या ओट्यांवर बसलेला असतो. त्या वर्षी 31 मार्चला माझ्या वहीत 87 स्तोत्रे आणि 40 अध्याय बाकी निघाले.

पुढच्या रविवारी दुपारी मी दार लावून ती बाकी फेडायला बसलो. चार तास ओठ हलत होते. त्या दुपारी मी 51 वे स्तोत्र खरोखर वाचले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. वहीत त्याच्यापुढे खूण मात्र आहे. संध्याकाळी आई चहा घेऊन आली, वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आरे भाऊ, देवनी काय वसुलीले माणूस धाडेल शे का?” मला राग आला. आईला शिस्तीतले काय कळते, असेही मनात आले, आणि ते इथे लिहिताना लाज वाटते.

नवख्याने हे नीट समजून घ्यावे, म्हणून थोडे लांबवून सांगतो. चुकलेली प्रार्थना दुसऱ्या दिवशी भरून काढण्यात वरवर काही गैर दिसत नाही, उलट प्रामाणिकपणा दिसतो. परंतु बाकी पुढे ओढली की आजची प्रार्थना आजची राहत नाही, ती कालच्या हप्त्यात जमा होते. आणि हप्ता भरणारा माणूस सावकाराच्या तोंडाकडे बघत नाही, हे मी रोज पाहतो. बाकी वाढली की तो भेट टाळतो, गल्ली बदलतो, घरात असून नाही म्हणून सांगतो. मीही तेच केले. दोन महिने मी पवित्र शास्त्र उघडले नाही, कारण उघडले की आकडा आठवे. या सगळ्या काळात प्रभूची प्रार्थना मात्र मी रोज म्हणत होतो, तिच्यात “आमची ऋणे आम्हांस सोड” असे शब्द आहेत आणि त्याच्या आधीच्या ओळीत भाकर मागितली आहे ती रोजची, आजची. बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवाने रानात रोज पुरवलेले अन्न, सकाळपर्यंत साठवला तेव्हा त्यात किडे पडले. शब्बाथासाठी, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसासाठी, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मोकळीक होती, पण काल गोळा करायचा राहिला म्हणून आज दुप्पट घ्या, असे तिथे कुठेही सांगितलेले नाही.

पुढे एका निवृत्त पाळकसाहेबांनी मला संत बेनेडिक्टच्या नियमाविषयी सांगितले. सहाव्या शतकात इटलीत लिहिलेल्या त्या नियमाचे 73 अध्याय आहेत आणि तो मठवासीयांसाठी असल्याने आपल्याला तो पाळायचा नाही. तरी त्यातल्या दोन गोष्टी माझ्या उपयोगी पडल्या. रविवारी पहाटेच्या उपासनेला उठायला उशीर झाला, तर वाचने आखडती घ्यावीत, असे अकरावा अध्याय सांगतो. ज्याच्या हयगयीने उशीर झाला त्याला जाब द्यावा लागतो, पण गाळलेले वाचन दुसऱ्या दिवसाच्या डोक्यावर बसत नाही. पन्नासाव्या अध्यायात, दूर कामावर असलेल्या बंधूंनी प्रार्थनेची वेळ होताच असतील तिथेच गुडघे टेकावेत, असे आहे. एसटीत गुडघे टेकता येत नाहीत, पण दोंडाईचाच्या वाटेवर खिडकीशी बसून एक स्तोत्र म्हणता येते. त्याच नियमात उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर विश्रांतीही नेमून दिली आहे. वैशाखातले धुळे ज्याने पाहिले आहे, त्याला या संताविषयी आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

चुकले ते चुकले, त्याची क्षमा मागावी आणि आजचे आज करावे. मात्र याचा आधार घेऊन कोणी आळस करू लागला, तर त्याला मी स्पष्ट सांगतो की तो नेम पाळत नाही, नेमाची हौस करतो. एकच गोष्ट सलग तीन आठवडे चुकत असेल, तर तिची वेळ बदलावी किंवा माप कमी करावे. बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करी, आणि तो राज्यकारभारातला अधिकारी होता. तेव्हा नोकरीची सबब फार ताणू नये.

मोबाइलमधल्या ज्या ॲपमध्ये सलग किती दिवस वाचले याचा आकडा झळकतो, ते मला आवडत नाही. ती माझीच वही आहे, फक्त रंगीत. मार्गदर्शक निवडताना व्यासपीठावरच्या माणसापेक्षा ज्याचा नेम एकदा तरी मोडला आहे आणि ज्याच्या घरच्यांना तो आवडतो, असा माणूस शोधावा. माझ्या पाळकसाहेबांनी पहिल्याच भेटीत नेम अर्ध्यावर आणायला लावला आणि वही मागून घेतली. ती त्यांनी परत दिली नाही, मीही मागितली नाही.

सध्या सकाळी एक स्तोत्र, प्रवासात प्रार्थना, रात्री आई आणि मुलांसोबत उपासना आणि झोपण्यापूर्वी दिवस देवापुढे मांडणे, एवढेच आहे. घाबरू नका, एवढ्यावरही माणूस टिकतो. शुक्रवारचा उपास मात्र अजून जमलेला नाही. अकरा वाजले की डोके दुखू लागते, आणि गेल्या शुक्रवारी साक्रीच्या स्टँडवर मी दोन वडापाव खाल्ले.