पियानोवर छोट्या रोमँटिक (एकोणिसाव्या शतकातल्या शैलीच्या) रचना वाजवायला घेताना

पियानोच्या चौथ्या-पाचव्या ग्रेडच्या परीक्षेनंतर पुष्कळ विद्यार्थी जर्मन संगीतकार शूमानच्या ‘ट्रॉयमेराय’ (स्वप्नरंजन) या रचनेकडे वळतात. 1838 साली लिहिलेल्या ‘बालपणीची दृश्यं’ या तेरा तुकड्यांच्या संचातला हा सातवा. कागदावर जेमतेम चोवीस मात्राखंड (बार), म्हणून सोपा वाटतो. मी तो वर्षानुवर्षं वाजवतो आहे, इतरांना शिकवतोही. तरी दर वेळी पहिल्याच ओळीपाशी थांबावं लागतं.

त्या ओळीत एक लांब ‘एफ’ आहे (ए, सी, ई, एफ ही पाश्चात्त्य सुरांची नावं). तो वाजत असतानाच खाली बाकीचे सूर येतात, मग ई-एफ-ए-सी अशी चढण वरच्या ‘एफ’पर्यंत जाते. आपल्याकडे पुष्कळ जण हार्मोनियमवरून पियानोकडे येतात. तिथे भाता चालू असेपर्यंत सूर टिकतो. पियानोचा सूर मात्र पट्टी दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. लांब सुरानंतरचा ‘ई’ पूर्ण जोराने आला की ओळ तिथेच तुटते. ‘एफ’ जितका विरला असेल, तितक्याच आवाजात ‘ई’ आला पाहिजे. याचा सराव फक्त या दोन सुरांवर करा, सूर लांबवणारं उजवं पेडल न घेता. संयम म्हणतात तो मला इथे सापडला. चेहऱ्यावरच्या भावांशी किंवा डोलण्याशी त्याचा काही संबंध नाही.

संथ वाजवलं की भावपूर्ण होतं, हा समज आधी सोडा. शूमानने छापलेली मेट्रोनोमची (गती मोजणाऱ्या यंत्राची) खूण 100 आहे, म्हणजे मिनिटाला शंभर मात्रा. आज ऐकू येणारी बहुतेक वादनं त्याहून बरीच संथ असतात. शंभरचा हट्ट मीही धरत नाही, पण एकदा त्या गतीने वाजवून बघाच. सुरांचं वाक्य एका श्वासात बसतं हे तेव्हा कळतं. ओळ आधी गाऊन पाहिली तर आणखी चांगलं.

हीच चढण पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी ती किती उंच जाते ते बघा. पहिल्यांदा ‘एफ’, दुसऱ्यांदा ‘ए’. शेवटाजवळ तोच वरचा ‘ए’ वेगळ्याच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर) येतो आणि त्यावर थांबण्याची खूण असते. आधीच्या प्रत्येक शिखरावर रेंगाळलात, तर हा थांबा वाया जातो. म्हणून आधी गती धरून ठेवायची.

उजवं पेडल कॉर्ड बदलला की बदला, म्हणजे सोडून पुन्हा दाबा, नवा सूर लागल्यावर लगेच. हळू आवाजात वाजवायचं म्हणून आवाज मऊ करणारं डावं पेडल दाबू नका. ते काम बोटांचं.

हा तुकडा जड जात असेल तर नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगच्या ‘लिरिक पीसेस’ या छोट्या पियानो-रचनांमधली पहिली, ‘आरिएत्ता’, घ्या. वर गाणं, खाली बास (सर्वांत खालची ओळ) आणि मधले सोळांश (पाव मात्रेचे) सूर दोन्ही हातांत वाटलेले. ते मधले सूर इतके हलके ठेवा की शेजारी बसलेल्याला फक्त गाणं आणि बास ऐकू यावेत. मी नवख्यांना आधी वरची ओळ आणि बास एवढंच वाजवायला सांगतो. मधले सूर नंतर. ग्रीगने अशा 66 रचना केल्या, आणि 1901 च्या शेवटच्या रचनेत हीच धून वॉल्ट्झच्या (तीन मात्रांच्या नृत्याच्या) लयीत परत आणली. ‘आरिएत्ता’ हाताखाली बसली की तीही वाजवून बघा.