सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? मीटर शेवटी बघा

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघणं हेच माझं काम. त्यामुळे ओळखीतलं कुणी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस नाही तर पोर्शची जुनी बॉक्स्टर बघायला निघालं, की मला फोन येतो. प्रश्न ठरलेला: "काका, अठ्ठावीस हजारच चालली आहे. घेऊ का?" माझं उत्तरही ठरलेलं. तो आकडा आधी बाजूला ठेव, गाडी बघ, आणि शेवटी तो आकडा गाडीला शोभतो का ते ठरव.

मीटर मागे घ्यायला आता लॅपटॉप आणि थोडा वेळ पुरतो. पण गाडीचं बाकी अंग मागे घेता येत नाही. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. स्पोर्ट्स सीटला ही कड उंच असते, आणि चढता-उतरता प्रत्येक वेळी मांडी तिच्यावरूनच घासते. लेदर नुसतं चमकत असेल तर ठीक. पण त्याला चिरा गेल्या असतील, आतला फोम बसला असेल आणि मीटर अठ्ठावीस हजार म्हणत असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. सीट नवी मढवलेली दिसली तर शेजारच्या सीटची शिलाई ताडून बघा. मग स्टिअरिंगवरची हात धरायची जागा, ब्रेक पेडलच्या रबरावरची नक्षी, खिडकीच्या बटणांवरची चित्रं. विकणारा मॅट बदलतो, पेडलचं रबर बदलायचं त्याला सुचत नाही.

टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. 2019 च्या गाडीवर 2023 चे चारही टायर दिसले, तर अठ्ठावीस हजारांत पहिला सेट कसा संपला, हे विचारा. गाडी दाबून चालवणारा खरंच संपवतो, ते उत्तरही ऐकून घ्या. त्याच्याकडूनच तुम्ही गाडी घेताय, हे मात्र लक्षात ठेवा. ब्रेक डिस्कच्या बाहेरच्या कडेवर नख फिरवा. नख अडेल इतका काठ तयार झाला असेल, तर डिस्क बरीच झिजली आहे.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र. हे काम पैसे देऊन करून घ्या, इथे कंजूषी नको. किलोमीटरची नोंद फक्त मीटरमध्ये नसते. बऱ्याच गाड्यांमध्ये ती गिअरबॉक्सच्या किंवा इतर मॉड्यूलमध्येही असते, बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलमध्ये तर चावीतसुद्धा. मीटर मागे घेणारा सगळीकडे हात फिरवेलच असं नाही. पोर्शच्या इंजिन कॉम्प्युटरमधून इंजिन किती तास चाललं तेही निघतं. मग गणित सोपं. अठ्ठावीस हजार किलोमीटर भागिले चौदाशे तास म्हणजे ताशी वीस, शहरात फिरलेल्या गाडीला शोभेल असं. तास सव्वीसशे निघाले तर सरासरी अकराच्या आत येते. नागपूरच्या सीताबर्डीत संध्याकाळी अडकलेली गाडीसुद्धा जन्मभर त्या वेगाने चालत नाही. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन मर्यादेच्या वर किती वेळा फिरलं, याचीही टप्प्याटप्प्याने नोंद असते. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, की वरच्या टप्प्यात नोंद होते. ती दिसली तर मी पुढे बोलतच नाही.

कमी चाललेली गाडी चांगली, हे आपल्या नागपुरात डोळे मिटून मानू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उघड्यावर पाच उन्हाळे काढलेल्या गाडीचं रबर आणि प्लास्टिक किलोमीटर मोजत बसत नाही. दाराचे बीडिंग, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे पाइप बोटाने दाबून बघा. टर्बो पेट्रोल फोक्सवॅगन-स्कोडाच्या इंजिनात थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं असतं. त्याच्या खाली सुकलेला गुलाबी पापुद्रा दिसला तर तिथून कूलंट गळतंय. बिलांसकट साठ हजार चाललेली गाडी आणि बिलांशिवाय पंधरा हजार चाललेली गाडी समोर ठेवली, तर मी साठवाली घेईन.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. स्पोर्ट्स कार मुळातच जमिनीला टेकलेली, तिच्यात पाणी लवकर शिरतं. अशी गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून बाजारात येते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. खालच्या टोकाला मातीची रेघ राहते, कारण तिथपर्यंत कुणी धुवत नाही. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का? डिकीत स्टेपनीच्या खोलगट जागेवरचं झाकण उचलून बघितलं का? बुडालेली गाडी कुणी तशीच स्टार्ट केली असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. तो आज चालेल, समृद्धी महामार्गावर दगा देईल.

बॉडीसाठी पेंटची जाडी मोजायचं यंत्र मिळतं. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो. एका पॅनलवर आकडा दुपटीने आला तर ते पुन्हा रंगवलंय, आणि पाचशेच्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरली आहे. बंपर रंगवलेला असेल तर मी नाक मुरडत नाही, आपल्या ब्रेकरांवर नाक घासतंच. पण बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला दिसला, तर पुढच्या भागाला मार बसला होता का, ते विचारा.

ट्यून केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेल्या गाड्यांबद्दल थोडक्यात. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं जातं, पण एअर इनटेकच्या क्लॅम्पचे ताजे ओरखडे तिथेच राहतात. ओल्या क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर त्याचं तेल साठ हजार किलोमीटरना बदललं का, त्याचं बिल मागा. "बदललं आहे भाऊ, मक्खन गाडी आहे" हे बिल नाही.

टेस्ट ड्राइव्हला सकाळी जा, आणि तुम्ही पोचायच्या आधी गाडी सुरू करू नका असं बजावून ठेवा. बोनेटला हात लावा, गरम लागलं तर तिथूनच परत फिरा. थंड स्टार्टलाच धूर आणि चेनचा खडखडाट कळतो. मॅन्युअल असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण पाय दाबा. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच सरकतोय.

कागदांत सगळ्यांना आरसी कळते. बँकेचा बोजा आहे का, किती मालक झाले, ते परिवहनच्या अ‍ॅपवर दिसतं. माझं लक्ष मात्र विम्याच्या पॉलिसीवरच्या नो क्लेम बोनसवर, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर असतं. एक वर्ष क्लेम नसेल तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. पहिल्या मालकाची सहा वर्षांची गाडी, "काच पण बदलली नाही काका" म्हणणारा मालक, आणि बोनस 20 टक्के? याचा अर्थ मागे कधीतरी क्लेम झालाय किंवा पॉलिसी तुटली होती. बोनस प्रोटेक्शन घेतलेलं असलं तर उलटंही घडतं, क्लेम होऊनही पन्नास दिसतात. म्हणून मालकाकडून क्लेमची माहिती लेखी मागवा. दुरुस्तीच्या बिलावर त्या दिवसाचं मीटर रीडिंगही असतं. ते आजच्या रीडिंगपेक्षा जास्त निघालं, तर सीटची कड बघायचीसुद्धा गरज नाही.

व्यवहार झालाच तर मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच दिवशी सह्या घ्या, आणि विमा नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांच्या आत टाका. बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुमच्याकडे येत नाही. त्यामुळे पुढचा हप्ता जास्त येईल, भाव करताना तेवढे पैसे धरा.