विटांचे फोम स्टिकर काढताना

लॉकडाऊनच्या काळात हॉलच्या एका भिंतीला पांढऱ्या विटांसारखे दिसणारे फोमचे स्टिकर लावायची लाटच आली होती. आता ते पिवळे पडलेत, कोपरे सुटलेत आणि खरं सांगायचं तर लांबूनही विटांसारखे दिसत नाहीत. काढायचे असतील तर सरळ ओढू नका, पुट्टीचे पोपडे सोबत येतील. हेअर ड्रायर मध्यम गरमवर ठेवून एक कोपरा तापवा, गोंद मऊ झाला की पट्टी भिंतीलगत दुमडत हळूहळू सोलत न्या. उरलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल चोळलं तर तो सुटतो, पण नंतर साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण पुसा. तेलकट भिंतीवर प्रायमर धरत नाही.

स्टिकरमागे काळी बुरशी दिसली तर रंगाची घाई नको. फोममधून ओल बाहेर पडत नाही, त्यामुळे पावसाळ्यात बाहेरच्या बाजूची भिंत आतल्या आत कुजत राहते. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. 24 तासांनी भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय. आधी गळती शोधा. भिंत कोरडी असेल तर मास्क लावून बुरशी ओल्या फडक्याने पुसा, भिंत पुन्हा वाळू द्या, मग पुट्टीचे दोन पातळ हात, 220 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग. दसऱ्यानंतरची कोरडी हवा या कामाला बरी.