पूररेषेची शेपफाइल दरवेळी इंपोर्ट कशाला, पोस्टग्रेसमधूनच वाचा की

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि तिथनं पुढं ग्रुपवर एकच प्रश्न, आमच्या गावात पाणी येतंय का. गावांच्या हद्दी माझ्याकडं पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नकाशे ठेवायची जोड) आहेत, पण पूररेषेची शेपफाइल (नकाशातल्या आकारांची फाइल) एक मित्र बदलून बदलून पाठवतो आणि मी दरवेळी टेबल ड्रॉप करून परत चढवत बसायचो, एकदा तर जुनीच फाइल चढवली आणि शिरोळ तालुक्यातल्या पाणी येणाऱ्या गावांची अख्खी यादी चुकली. तेव्हापासून ओजीआर एफडीडब्ल्यू वापरतोय, म्हणजे बाहेरची नकाशाची फाइल पोस्टग्रेसमधून वाचू देणारं एक्स्टेन्शन. फाइल जिथं आहे तिथंच राहते, पोस्टग्रेसला ती टेबलसारखी दिसते.

उबुंटूवर तुमच्या पोस्टग्रेस व्हर्जनचं ओजीआर एफडीडब्ल्यूचं पॅकेज टाका, मग डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएस आणि ओजीआर एफडीडब्ल्यू ही दोन्ही एक्स्टेन्शन क्रिएट करा. पुढं क्रिएट सर्व्हर, त्यात डेटासोर्स म्हणून फोल्डरचा पाथ आणि फॉरमॅट 'ईएसआरआय शेपफाइल'. मग इंपोर्ट फॉरेन स्कीमा, स्कीमाच्या नावाच्या जागी 'ओजीआर_ऑल'. नावात इंपोर्ट आहे म्हणून घाबरू नका, डेटा कॉपी होत नाही, नुसती फॉरेन टेबलं, म्हणजे बाहेरच्या फाइलकडं बोट दाखवणारी टेबलं तयार होतात.

आता जिथं सगळे अडकतात ते. पाथ डेटाबेस ज्या मशिनवर चालतो तिथला लागतो, तुमच्या लॅपटॉपचा नाही, आणि फाइल वाचणार पोस्टग्रेस नावाचा युजर. फाइल तुमच्या होम फोल्डरात असेल तर परमिशन नाही म्हणून तो नुसताच रडत बसतो, मी यात अख्खी दुपार घालवली राव. सरळ वेगळं फोल्डर करा आणि त्याला वाचायची परवानगी द्या.

दुसरं, प्रोजेक्शन. शेपफाइलसोबतची, प्रोजेक्शन सांगणारी पीआरजे फाइल आली नाही तर एसआरआयडी (नकाशाच्या कोऑर्डिनेट सिस्टिमचा नंबर) ० पडू शकतो आणि दोन आकार एकमेकांवर येतात का बघणारं एसटी इंटरसेक्ट्स मिक्स्ड एसआरआयडीची एरर देतं. कोल्हापूर यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये येतं, म्हणजे ३२६४३, आणि हद्दी बहुतेकदा ४३२६ मध्ये (अक्षांश-रेखांश) असतात, तेव्हा एसआरआयडी ० असेल तर आधी एसटी सेटएसआरआयडीनं खरा नंबर लावा, मग एसटी ट्रान्सफॉर्म करून दोन्ही एकाच सिस्टिममध्ये आणा. शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव १० अक्षरांच्या पुढं जात नाही, त्यामुळं 'तालुका_नेम'मधलं इंग्रजी शेवटचं अक्षर कापलं जातं, क्वेरी लिहिताना ते ध्यानात ठेवा.

राहिला स्पीड. फॉरेन टेबलवर इंडेक्स टाकता येत नाही आणि दर क्वेरीला फाइल परत वाचली जाते, चार-पाच पॉलिगॉन असतील तर कळतपण नाही, पण मोठी फाइल गावांच्या टेबलाशी जॉइन केली की बसा वाट बघत. मग त्याच फॉरेन टेबलवरनं मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा निकाल साठवून ठेवणारा) करा, जॉमेट्रीवर जिस्ट इंडेक्स (आकार पटकन शोधायचा) टाका. मित्राची नवीन फाइल आली की शेप, डीबीएफ, एसएचएक्स, पीआरजे सगळ्या एकदम बदला, एकच बदलली तर घोळ होतो, आणि मग त्या व्ह्यूला रिफ्रेश मारा. रिफ्रेश विसरलात तर परत जुनीच यादी ग्रुपवर जाणार, म्हणून मी ते क्रॉनलाच (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं) लावून टाकलंय, दर तासाला.