नागपुरातून परदेशी क्लबपर्यंत: विंगरने काय काय तयार ठेवावं

परदेशात फुटबॉलमध्ये विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू, म्हणून खेळायचं तर नुसता वेग पुरत नाही. वेगवान पोरं प्रत्येक देशात असतात. क्लब परदेशी खेळाडूची जागा त्यालाच देतो, जो तिथल्या पोरांपेक्षा ठळकपणे सरस असतो आणि ज्याचे कागद पहिल्या फेरीत मंजूर होतात. खेळावर घाम गाळणारे नागपूर-कामठीत भरपूर आहेत, पण कागदांची आठवण होते ती ट्रायलचं पत्र हातात पडल्यावर. म्हणून आधी कागद.

नाव आणि जन्मतारीख

दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरीच, आणि भारतीय फुटबॉल महासंघाच्या (एआयएफएफ) सीआरएस या ऑनलाइन खेळाडू-नोंदणीत कोणीतरी ऐकून टाकलेलं स्पेलिंग. असे चार कागद म्हणजे चार वेगळी माणसं. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना जुन्या महासंघाकडून नव्या महासंघाला आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट, म्हणजे आयटीसी, जावं लागतं. तिथे नाव जुळलं नाही की फाइल थांबते, आणि ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्याची ठरलेली मुदत, कोणासाठी थांबत नाही. क्रम असा ठेवा: महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यात पूर्ण नाव टाकून घ्या, त्यावरून आधार दुरुस्त करा, मग पासपोर्ट काढा, आणि शेवटी क्लबकडून सीआरएसमध्ये पासपोर्टवरचंच स्पेलिंग करून घ्या.

वय चोरू नका. कनिष्ठ गटात मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-3 पद्धतीने वय तपासतात, आणि एकदा खोटी तारीख नोंदली गेली की ती पुढच्या प्रत्येक करारात आडवी येते.

18 पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबकडे नोंदणी करायला फिफाची मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. सोळाव्या वर्षी ‘युरोपात सही करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

देश निवडताना

इंग्लंडचं दार सरळ वाटेने जवळपास बंद आहे. तिथे खेळायचा परवाना गुणांवर मिळतो. त्या गुणांमध्ये राष्ट्रीय संघाचं फिफा क्रमवारीतलं स्थान धरतात, त्यातही पहिल्या 50 देशांनाच महत्त्व, आणि भारताचा पुरुष संघ शंभराच्याही पलीकडे आहे. नेदरलँड्समध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला बराच मोठा किमान पगार द्यावा लागतो, त्यामुळे कच्चा खेळाडू कोणी घेत नाही. स्पेनच्या ला लिगात अशा खेळाडूंना एका संघात तीनच जागा. मग उरतात लहान लीग. मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडे गेली आणि तिथून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. गोव्याचा विंगर रोमिओ फर्नांडिस 2015 मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको परानाएन्सेकडे लोनवर गेला. दोघांनीही आधी भारतात वरच्या पातळीवर नाव केलं होतं. जिल्हा लीगमधून थेट युरोप, ही उडी आम्ही कोणालाच सुचवणार नाही.

मैदानावर

आपल्याकडची मैदानं कडक, त्यामुळे चेंडू उसळतो. युरोपातल्या ओल्या गवतावर तो घसरत येतो आणि आयुष्यभर घोटलेला फर्स्ट टच, म्हणजे चेंडूला लावलेला पहिला पाय, अर्धा मीटर चुकतो. जुलै ते सप्टेंबर पाऊस आहे म्हणून सराव बुडवू नका, हेच तिकडच्या मैदानाच्या सर्वांत जवळचे दिवस. इतर महिन्यांत टर्फवर पाणी मारून खेळा. कडक मातीवर एफजी, म्हणजे गवताच्या मैदानासाठीच्या बुटांचे स्टड रुतत नाहीत, सगळा भार टोकांवर येऊन टाच आणि नडगी धरते. तिथे टीएफ, म्हणजे आखूड स्टडचे टर्फ बूट घाला. जाताना मात्र बॅगेत एसजीचा, म्हणजे ओल्या मऊ मैदानासाठीच्या बुटांचा जोड हवाच.

लाइनजवळ पास घेताना पाठ लाइनकडे आणि अंग अर्धं उघडं ठेवा. चेंडू येण्याआधी खांद्यावरून दोनदा फुल-बॅककडे, म्हणजे त्या कडेच्या बचावपटूकडे पाहा आणि चेंडू त्याच्यापासून लांबच्या पायावर घ्या. जवळच्या पायावर घेतला तर तो अंगाखाली अडकतो, वळायला एक पाऊल जास्त लागतं आणि तेवढ्यात बॅक अंगावर येतो.

क्रॉसचा, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू मारण्याचा, सराव उभ्याने करण्यात अर्थ नाही. सामन्यात टेकवलेला पाय वेगात रोवावा लागतो, खरी चूक तिथे होते. 20 मीटर पळत येऊन 10 चेंडू, असे चार सेट, त्यातले निम्मे कमजोर पायाने. त्यातही गोललाइनपर्यंत जाऊन पेनल्टी स्पॉटकडे मागे खेचलेला पास सगळ्यात जास्त घोटा. बचावपटू स्वतःच्या गोलकडे धावत असतात, मागे गेलेल्या चेंडूसाठी त्यांना थांबून वळावं लागतं.

वेगासाठी आठवड्यातून दोनदा 30 मीटरच्या सहा धावा पूर्ण जोर लावून, प्रत्येकीनंतर दोन ते तीन मिनिटं विश्रांती. विश्रांती कापली की तो दमाचा व्यायाम होतो, वेग वाढत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना हे सकाळी सहालाच उरका. विंगरला सर्वांत जास्त छळते ती हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. त्यासाठी नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर बसा, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत, आणि कमरेत न वाकता सावकाश पुढे झुकत जा. आठवड्यातून एकदा पाच-पाचचे दोन सेट, मग दहा आठवड्यांत वाढवत दहाचे तीन सेट. अशा सरावाने ही दुखापत निम्म्याच्या आसपास कमी होते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. पहिले दोन आठवडे पाय ठणकतील. व्यायाम सरावानंतर करा, आधी नको.

व्हिडिओ

चार मिनिटांच्या वर नको. कॅमेरा मध्यरेषेवर, गच्चीवर किंवा स्टँडच्या वरच्या पायरीवर ठेवा, म्हणजे तुमच्याभोवतीची जागाही दिसते. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला स्वतःवर बाण हवा. गोल आणि ड्रिबलच्या जोडीला चेंडू गमावल्यावर मागे धावलेले प्रसंग नक्की घाला, कारण स्काउट तेच शोधतो. सोबत न कापलेले तीन पूर्ण सामने तयार ठेवा. गाणी लावू नका.

एजंट आणि करार

फिफाच्या वेबसाइटवर परवानाधारक एजंटांची यादी आहे, नाव तिथे नसेल तर बोलणं संपवा. एजंटशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. ट्रायलसाठी आधी पैसे मागणारा, टुरिस्ट व्हिसावर खेळवतो म्हणणारा, पासपोर्ट ‘सांभाळून’ ठेवणारा, तिघंही टाळा. बोलावणं आलं की पत्रातल्या नंबरवर फोन करू नका, क्लबच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून तिथे विचारा.

करार स्वतःला समजेल अशा भाषेत मागा. पगार कर कापून की कर धरून, घर, विमानाचं तिकीट आणि दुखापतीचा विमा कोणाकडे, हे सगळं लेखी हवं. ‘मेडिकल पास झालं तर’ किंवा ‘वर्क परमिट मिळालं तर’ करार लागू, अशी अट फिफा मान्य करत नाही. मेडिकल सहीच्या आधी उरका. दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत द्या. तरीही पैसे आले नाहीत तर करार सोडायला ते वैध कारण ठरतं. म्हणून बँकेचे उतारे आणि मेसेज जपून ठेवा.

घरच्या क्लबसाठी

पोरगा कराराच्या मुदतीतच पैसे घेऊन दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतला 5 टक्के हिस्सा त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना जातो. 12 ते 15 मधल्या प्रत्येक हंगामाला रकमेच्या 0.25 टक्के, पुढच्या प्रत्येक हंगामाला 0.5 टक्के. कामठीतल्या क्लबमध्ये तो पहिली चार वर्षं खेळला आणि पुढे 2 लाख युरोंना गेला, तर क्लबच्या वाट्याला 2,000 युरो येतात. नुसतं मैदानावर खेळवून हा हक्क मिळत नाही, त्या प्रत्येक हंगामाची नोंदणी सापडावी लागते. म्हणून बारा वर्षांच्या पोरांचीही सीआरएस नोंदणी दर हंगामाला करा आणि क्लबचं बँक खातं क्लबच्याच नावावर ठेवा.