डांग्या खोकल्याची लस: आईबाबांनी काय बघावं

उपकेंद्रात मी लस टोचताना आजी हमखास विचारतात, "एवढ्याशा जिवाला कशाला?" एवढासा आहे म्हणूनच, आजी. डांग्या खोकल्यात तान्ह्या बाळाचा श्वास थांबू शकतो. म्हणून पेंटाव्हॅलेंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकच लस) दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी द्यायचीच. साधी सर्दी असली तरी.

टोचल्यावर अर्धा तास थांबा. रात्री ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, मी सांगेन तेवढंच द्या. सुजेवर काही चोळू नका. झटका आला किंवा बाळ तीन तासांहून जास्त सलग रडलं, तर लगेच डॉक्टर गाठा आणि पुढच्या डोसआधी मला सांगा.

तारीख चुकली तर पहिल्यापासून नको, राहिलेला डोस घ्या. दीड आणि पाच वर्षांचे बूस्टर, म्हणजे पुन्हा द्यायचे डोस, कार्डावर आत्ताच लिहून घ्या.